आधी सावली, मग वाट

सावलीताई हे नाव पडण्याआधी पार्कातली माणसं त्यांना नुसतं 'नकाशावाल्या बाई' म्हणत. रस्ते बांधणाऱ्या एका कार्यालयात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तिथं रस्ता म्हणजे गाड्यांचा रस्ता. चाक कुठून जाईल, पाणी कुठून वाहील, एवढं बघायचं; चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला उरलीसुरली कड. त्या कामाला त्या विटल्या होत्या. शहराबाहेरच्या नव्या मनोरंजन पार्कात पायवाटा आखायला कुणीतरी हवंय असं कळलं, तेव्हा त्यांनी मागचापुढचा विचार न करता होकार कळवला.

"म्हणजे आता कामावर जाऊन पाळण्यात बसायचं," नवरा म्हणाला. त्याचं ताडपत्री शिवायचं दुकान होतं, आणि चेष्टा करताना त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नसे.

पार्क बघून मात्र ताई फाटकातच थबकल्या. मालकानं सगळी जमीन सपाट करून घेतली होती. फाटकापासून थेट मोठ्या पाळण्यापर्यंत सिमेंटचा सरळसोट, ऐसपैस रस्ता, दोन्ही बाजूंना रंगीबेरंगी खेळ, आणि नजर पोचेल तिथपर्यंत एक झाड नाही. सकाळी गर्दी उसळायची. ऊन चढलं की माणसं एकतर खाण्याच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसायची, नाहीतर चिडलेल्या पोरांना ओढत घरी निघायची. पार्कातले कामगार त्या जागेला 'तवा' म्हणत.

सुरुवातीला ताईंनीही रस्त्यांच्या जुन्या सवयीनं रेघा ओढल्या. मग एका सुटीच्या दिवशी त्या आईला पार्क दाखवायला घेऊन आल्या. आईचे गुडघे कुरकुरत असत, पण हौस दांडगी. अर्ध्या वाटेवर आई रस्ता सोडून घोड्यांच्या चक्राच्या मागं गेली. तिथं इंजिनाची पत्र्याची खोली होती आणि तिच्या कडेला सावलीची एक अरुंद पट्टी. त्या पट्टीत अनोळखी माणसं भिंतीला पाठ लावून ओळीनं उभी होती. आई त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

"आई, इथं काय आहे? रस्ता तिकडं आहे."

"रस्ता तिकडं असेल," आई म्हणाली, "माणसं इकडं आहेत."

ताईंना हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि नुसत्या बघत बसल्या. माणसं कुठं थांबतात, कुठून आडवी जातात, बाबागाडी घेतलेली आई कुठं वळते, दमलेला आजोबा टेकायला काय शोधतो. सकाळची, दुपारची, उतरत्या उन्हाची सावली कुठं पडेल ते त्यांनी आधी काढलं; झाडं कागदावर आली, आणि त्या सावल्यांमधून वाट सर्वांत शेवटी.

मालक नकाशा बघून खुर्चीत मागं रेलला. माणूस वाईट नव्हता. फिरत्या खेळांच्या तंबूत लहानाचा मोठा झाला होता आणि गर्दीची नाडी त्याला बरोबर कळायची.

"बाई, मी पाळणे लावलेत, जंगल नाही. फाटकातून मोठा पाळणा दिसतो, म्हणून पोरं आईबापांना ओढत आत आणतात. तो झाडांनी झाकलात तर माझं काय राहिलं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ताईंनी ते उडवून लावलं नाही. "फाटकातून दिसू दे," त्या म्हणाल्या. "तिथं एकही झाड नको. मग वाट वळवू. चार पावलं गेलं की पाळणा झाडाआड जाईल. पोरं विचारतील, कुठं गेला? पुढच्या वळणावर तो एकदम डोक्यावरच येईल."

मालक बराच वेळ नकाशावर बोट फिरवत राहिला. "पडदा टाकायचा आणि मग उघडायचा, असं म्हणा की. करा. पण सावली मला लवकर हवी. मी म्हातारा झाल्यावर नको."

बागेचं काम माळीकाकांकडं होतं. त्यांनी एका दमात उत्तर दिलं, "गुलमोहर." गुलमोहर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. झपाट्यानं वाढतो, छत्रीसारखा पसरतो, आणि फुलला की बघणारा जागीच थबकतो. ताईंना ठाऊक होतं की त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. ठाऊक असून त्यांनी मान डोलावली. घाई फक्त मालकाला नव्हती. आईला सावलीतून चालताना त्यांनाही बघायचं होतं.

जुना सिमेंटचा रस्ता फोडून नवी वाट केली. फोटोला माणसं थांबतील तिथं ती रुंद ठेवली, वळणावर जरा आवळली. कडेचा कठडा बसण्याजोगा उंच केला. बुंध्याभोवतीची माती उघडी ठेवली, तिथं ताईंनी कुणाला सिमेंटचं घमेलं टेकवू दिलं नाही. काही वर्षांतच डोक्यावर हिरवं छत धरलं. भर दुपारी आज्या बाकांवर पाय पसरून गप्पा मारू लागल्या, पोरं सावलीच्या कवडशांवर उड्या मारू लागली. 'तवा' हे नाव कधी गेलं कुणालाच कळलं नाही, आणि नकाशावाल्या बाईंच्या सावलीताई झाल्या. आई अखेरपर्यंत त्या वाटेनं फिरली. ओळख नसलेल्या माणसांनाही थांबवून सांगायची, "ही सावली माझ्या मुलीची."

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका पहाटे वादळ झालं. ताई पोचल्या तेव्हा मधल्या वळणावर एक भलीमोठी फांदी पडलेली होती आणि तिच्याखाली बाकाचे तुकडे. फाटक अजून उघडायचं होतं, म्हणून निभावलं. माळीकाका फांदीपाशी उकिडवे बसले होते. मालक आला, बघितलं, आणि म्हणाला, "छाटणी करून घेऊ. बोभाटा नको."

ताईंना त्या बाकावर कोण कोण बसायचं ते सगळं आठवत होतं. त्या तुटलेल्या फांदीला हात लावून म्हणाल्या, "छाटणीनं भागणार नाही. वाटेवरचे सगळे गुलमोहर काढावे लागतील."

"तुम्हीच लावलेत ते."

"म्हणूनच सांगतेय. लाकूड कसं आहे ते मला लावतानाच माहीत होतं. दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसू का?"

मालकानं नाइलाजानं मान हलवली. माळीकाका उठले आणि ताईंकडं न बघता निघून गेले.

एकदम सगळं तोडलं असतं तर पुन्हा तवाच झाला असता. म्हणून ताईंनी वाटेचे तुकडे पाडले. आधी गुलमोहरांच्या मधल्या जागांत चिंच आणि बकुळ लावली. सावकाश वाढणारी, पण मुळं घट्ट रोवून उभी राहणारी झाडं. मग एकेका तुकड्यातले गुलमोहर काढायचे, आणि रोपं मोठी होईपर्यंत तिथं कापडी छत ताणायचं. छताचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. पहिलंच छत वाऱ्यानं शिडासारखं फुगलं आणि खांबासकट डोलायला लागलं. नवरा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तुझा पार्क निघाला समुद्रावर." मग त्यानं कापडाच्या पट्ट्या मधे फटी ठेवून शिवल्या. वारा निघून जाई, सावली जागेवर राही.

पहिलं झाड पाडलं तेव्हा बुंधा आतून ठणठणीत निघाला. कीड नाही, पोकळी नाही. बरेच दिवस अबोला धरलेले माळीकाका तेवढं बोलले, "बघा."

ताईंनी बघितलं. त्या दिवशी घरी आल्यावर चहाचा कप हातात तसाच गार झाला. "थांबवू का हे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो सुईत दोरा ओवत होता.

"पडणारं झाड आधी सांगून पडतं का?" तो म्हणाला. त्या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

काम चालू राहिलं. लोक चिडले, आणि ते साहजिकच होतं. एक जोडपं कार्यालयात येऊन भांडलं, आमचं लग्न त्या झाडाखाली जमलं म्हणून. ताईंनी त्यांना बसवून पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि बकुळीचं एक रोप त्यांच्या हातानं लावून घेतलं. प्रत्येक झाड पडताना त्या स्वतः तिथं उभ्या राहत. दुसऱ्या कुणावर ढकललं तर चाललं असतं, पण त्यांनी ते केलं नाही. पुढच्या तुकड्यातले तीन-चार बुंधे आतून पार पोखरलेले निघाले. ताईंनी माळीकाकांना बोलावून दाखवलं नाही. दुपारी काकाच आले, बोटानं आतला भुसा काढून बघितला, हात झटकले.

"चिंचेला पाणी मुळाशी देऊ नका," ते म्हणाले. "जरा लांब द्या. मुळं शोधत जाऊ देत."

"तसंच सांगते पाणी घालणाऱ्या पोरांना," ताई म्हणाल्या. अबोला एवढ्यावर संपला.

वाटेवरचे गुलमोहर संपले. यंत्रांच्या शेडमागं एक उरला होता. तिकडं कुठली वाट जात नव्हती. काका ताईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, टोपी हातात.

"तो एक राहू दे. त्याच्याखाली कुणी जात नाही."

ताई जाऊन बघून आल्या आणि झाडाभोवती फांद्यांच्या टोकापलीकडं कुंपण घालून घेतलं. पण झाड फुललं आणि शेडच्या छपरावरून लाल रंग दिसू लागला, तशी माणसं त्या रंगाच्या ओढीनं तिकडं वळू लागली. गवतात एक चोरवाट मळली. पहारेकरी हाकलून दमला. मालक वैतागून म्हणाला, "आता तोही तोडा, ताई."

"नको," ताई म्हणाल्या. "लोकांनी वाट सांगितली आहे. आपण फक्त ती कुठं थांबवायची ते ठरवू."

त्यांनी चोरवाटेवरच फरशी घातली, तिला हलकंसं वळण दिलं, आणि झाडापासून सुरक्षित अंतरावर एका अर्धगोल कठड्याशी ती संपवली. कठड्याच्या अलीकडं सावलीसाठी चिंचेची ओळ लावली. वाट कुठं संपवायची यावरून आधी काका आणि त्यांचं बरंच वाजलं. काकांना दोन पावलं पुढं हवी होती, ताईंना दोन मागं. शेवटी काका कठड्यासाठी मांडलेल्या सुट्या विटांवर बसून बघायला लागले. मान वर केली, डोळे बारीक केले, जरा सरकले, पुन्हा बघितलं.

"इथून अख्खं झाड दिसतं," ते म्हणाले. "जवळून नुसती फांदीच दिसली असती."

ताई गवंड्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "इथंच पक्कं करा."