ऊन येईपर्यंत

गच्चीवरची टाकी धुताना ओल्या शेवाळाचा वास आला, की मला साक्रीपुढच्या डोंगरातलं माझं सासर आठवतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. गावात वीज नव्हती, पण आम्ही बायकांनी मिळून गावतळ्यात मासे पाळले होते आणि काठावर धुळ्याहून आलेल्या एका सरकारी साहेबांनी उन्हावर चालणारा पंप बसवून दिला होता. ऊन पडलं की तो तळ्यातलंच पाणी उचलून कारंज्यासारखं परत सोडायचा, त्यानं माशांना हवा मिळायची. त्या श्रावणात मात्र आभाळ भरूनच राहिलं आणि पंप गप्प झाला. एका पहाटे सासूबाई मला तळ्यावर घेऊन गेल्या. धुक्याखाली असंख्य तोंडं पाण्यावर येऊन उघडत मिटत होती. सासूबाईंनी शेजारणींना हाक दिली, "मासास्ले दम लागी राह्यना. बठ्ठ्या पानीमा उतरा." लुगडी खोचून आम्ही सगळ्या उतरलो आणि हातांनी, सुपांनी, पळसाच्या फांद्यांनी पाणी हलवत राहिलो. पाणी कोमट होतं, झोपेतच चालतोय असं वाटत होतं. मग आभाळ उघडलं, डोंगरावरून ऊन उतरलं, पंप घुमू लागला, थेंब उडाले. काही मासे मेले, पण बरेचसे आमच्या पायांना घासत हळूहळू खोल गेले. तोवर माझ्याशी कामापुरतंच बोलणाऱ्या सासूबाईंनी पाण्याखाली माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. आता त्या नाहीत, मी इकडे शहरात, पिंप्राळ्यात राहते. कुणी सासूबद्दल विचारलं, तर आधी तो खरखरीत ओला हातच आठवतो.