मधोमध बसवलेले आप्पाकाका

पूर्णगडच्या होडीत चढताना आज मुलाने माझं कोपर धरलं, ओल्या सुंभाचा वास आला आणि तरुणपणची अशीच एक फेरी आठवली.

तेव्हा आम्ही तरणेताठे पुतणे आप्पाकाकांना बोचक्यासारखं मधोमध बसवून दटावत होतो, "काका, हलू नका, बुडवाल आम्हाला!" खाडीच्या मुखाशी लाट आडवी आली, होडी कलली, पाणी आत शिरलं. मी शूरवीर डोळे मिटून काकांच्याच गळ्यात पडलो. त्यांचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं.

"काका, भ्यालात?"

"भ्यालो तर! पण सोडू नको रे. हल्ली मला कोणी धरत नाही, नुसतं बसवून ठेवतात."

"तात्या, मधे बसा," आज मुलगा म्हणाला.

"बसतो," मी म्हटलं, "पण कोपर सोडू नको."