पेटी बाजूला ठेवा

विद्यार्थिनीनं आणलेल्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर पेटी वाजवणारी मुलगी आहे. खाली ओळ : तरुणाईचा नवा सूर. ताज्या शाईचा वास नाकात गेला आणि कर्वेनगरचा तो फोटो स्टुडिओ आठवला.

याच मासिकाचा पहिला अंक निघायचा होता आणि मुखपृष्ठावर मी असणार होते. ज्या पेटीवर बाबांनी मला भीमगीतं शिकवली, ती ते खडकीहून बसनं घेऊन आले होते.

संपादक म्हणाले, "ताई, पेटी जरा बाजूला ठेवता का? आपला वाचक तरुण आहे."

मी एकोणीस वर्षांची होते. त्यांनी माझ्या हातात गिटार दिली. मला ती नीट धरताही येत नव्हती.

पुढे बाबा तो अंक शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवायचे, पण गिटारवर तळहात ठेवून.