पेशींची पंगत

रविवारी भाचीबरोबर तिच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे ती संशोधनासाठी इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी वाढवते. “यांना सुट्टी कळत नाही मामा, खायला घालावंच लागतं,” म्हणत तिने छोट्या बशीतला जुना गुलाबी द्रव काढून नवा घातला. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. भिजलेल्या साबुदाण्यासारखे पुंजके निवांत पडून होते.

“आता यांना साखरेचं पाणी देते. इन्सुलिन सोडतात का बघू.”

मला हसू आलं. घरी हीच पोरगी माझ्या ताटातली जिलबी उचलते आणि इंजेक्शन पुढे करते. या पेशी माणसांच्या कामी येईपर्यंत मी असेन की नाही, कोण जाणे. तरी त्यांचं जेवण पाहून बरं वाटलं. निघताना, पंगतीत यजमान वाकतो तसा काचेपाशी वाकून म्हणालो, “सावकाश होऊ द्या.”