टोपीखालचं डोकं

मी जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. स्मृतीचा धडा दरवर्षी येतो आणि मी सुरुवात दरवर्षी एकाच प्रश्नाने करते: तुमची सगळ्यात जुनी आठवण कोणती? निम्म्या वर्गाला लहानपणी उसाच्या बांधावर उभा राहिलेला बिबट्या आठवतो. मग मी विचारते, शेजारी कोण होतं, दिवस होता की रात्र, आणि ही गोष्ट घरात पहिल्यांदा कुणी सांगितली. तास संपेपर्यंत बरेचसे बिबटे उसात परत गेलेले असतात. कुणाचा बिबट्या आजोबांनी पाहिलेला निघतो, कुणाचा शेजाऱ्यांनी. मुलं हिरमुसतात. मी समजावते की यात खोटं कुणीच बोललेलं नाही. मेंदू आठवण फोटोसारखी जपून ठेवत नाही. दर वेळी तो ती नव्याने जुळवतो, आणि जिथे तुकडा कमी पडतो तिथे ऐकलेलं, नंतर पाहिलेलं, जे हाताशी असेल ते लावतो. मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं, हे मग आपल्यालाही सांगता येत नाही.

एवढं शिकवून झालं की मी माझी आठवण सांगायचे. मुलांच्या आठवणींची चिरफाड केल्यावर आपलीही एक पुढे ठेवावी, असं मी म्हणत असे. खरं तर मला ती सांगायला आवडायचं.

मी चारेक वर्षांची असताना माझे वडील गेले. त्यांना मी आबा म्हणायचे, हेही मला आईने सांगितलेलं. त्यांची माझ्याजवळ एकच आठवण होती. तळेघरला एसटीतून उतरल्यावर आमच्या वाडीपर्यंत बरंच चालावं लागायचं. त्या वाटेवर मी त्यांच्या खांद्यावर बसले आहे. खाली भातखाचरं. त्यांची टोपी नवी, कडक, आणि सारखी घसरते. घसरली की माझे तळवे डोक्याला लागतात आणि बारीक खरखरीत केस टोचतात. मला हसू येतं. त्यांचे खांदे हलतात, म्हणजे तेही हसत आहेत. बस्स, एवढंच. चेहरा आठवत नाही, कारण मी वर बसले होते.

स्पर्शाची आठवण बघा कशी पक्की असते, असं मी वर्गाला सांगायचे. तळव्याला काय टोचलं ते दुसरं कुणी सांगू शकत नाही.

गेल्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगी वह्या आवरता आवरता थांबली. ती घोडेगावच्या वरच्या अंगाची, म्हणजे माझ्याच भागातली.

"मॅडम, तवा तुमच्याकडं कोण वारलं व्हतं?"

"कधी?"

"त्यांचं डोकं काढलेलं व्हतं ना. म्हनून इचारलं."

तिने अगदी सहज विचारलं होतं. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की दहाव्याला मुलगे आणि धाकटे भाऊ केस काढतात, आणि तेराव्याला पाहुणे त्यांच्या डोक्यावर नवी टोपी घालतात. असं डोकं आणि अशी कोरी टोपी रस्त्यात दिसली की ओळखीचा माणूस थांबून विचारतोच, कोण गेलं. मीसुद्धा विचारते. स्वतःच्या आठवणीला मात्र हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"आजोबा असतील," असं काहीतरी बोलून मी स्टाफरूममध्ये येऊन बसले. आजोबा-आजी तर माझ्या दहावीपर्यंत ठणठणीत होते. वडील घरात थोरले. भिंतीवरच्या फोटोत त्यांचे केस दाट आहेत आणि डोकं उघडं आहे. लग्नातला फेटा सोडला तर त्यांनी डोक्यावर कधी काही ठेवलं नाही, असं आई सांगायची. आमच्या घरातून त्या काळात एकच माणूस गेलं होतं.

राग यायला हवा होता स्वतःचा, पण आला त्या मुलीचा. ती पुढचे काही दिवस समोर बसायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. मग एका रविवारी गाडी काढली आणि तळेघरला काकांकडे गेले.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. माझ्या लहानपणी ते नाशिककडे कामाला होते आणि वर्षातून एखाद्या वेळी घरी यायचे. आता कायमचे वाडीवर असतात. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तेच. कित्येक दिवाळ्यांना मी ही खांद्यावरची गोष्ट त्यांच्यासमोर सांगितली होती. ते ऐकताना तंबाखू मळत राहायचे. एकदाही चकार शब्द काढला नव्हता.

ते पडवीत सुपात नाचणी घेऊन खडे निवडत बसले होते. मी चहाची वाट न बघता विचारलं, "काका, आबा दवाखान्यात होते तेव्हा मला ओझरला आजोळी ठेवलं होतं ना? तिथून परत कुणी आणलं?"

"मीच की. तेराव्याच्या दुसऱ्या दिशी. तुझी आई म्हनली, पोरीला घिऊन या."

"खांद्यावरून?"

"मंग काय चालणार व्हतीस तू?"

"इतकी वर्षं बोलला का नाहीत? तुमच्यासमोर सांगत होते मी."

"लई खुशीत सांगायचीस," ते म्हणाले आणि एक खडा उचलून अंगणात टाकला.

मला रडू आलं. वर्गात दुसऱ्यांच्या आठवणींबद्दल किती शहाणपणाने बोलते मी. "माझ्याजवळ आबांचं तेवढंच होतं," मी म्हणाले. "आता काहीच राहिलं नाही. आणि तुम्ही तर हसत होता."

"हसत न्हवतो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तू मला वळखत न्हवतीस," ते म्हणाले. "गाडीत सारा येळ घुम्यावानी बसलेली. खाली उतरल्याव खांद्याव घेतली. थोडं चाललो आन् तू वरनं हाक मारली, आबा. मी गप ऱ्हायलो. वाटलं, इसरंल. तर तू टोपी वढून पुन्यांदा हाक मारली."

"मग?"

"मंग मी ओ दिली." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि नाचणीवरून बोटं फिरवत राहिले. "एकदा ओ दिल्याव मागं कसं घ्यायचं, बाय?"