वराचं गोत्र

वैजयंतीबाईंनी ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात जन्मभर भूल द्यायचं काम केलं. आधी माणसाला सगळं विचारून घ्यायचं, मगच सुई. ही सवय घरीही सुटली नाही, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तीच नडली.

मुलीचा, दियाचा, होणारा नवरा बोटोंड. इंजिनिअर, रोमानियातला, पण मातृभाषा हंगेरियन. त्याच्या लोकांना सेकेय म्हणतात. वडील आरोन लग्नाला आले होते. इंग्रजीचा गंध नाही. चहाच्या वेळी गुरुजींचा मेसेज आला, संकल्पाला वराचं गोत्र आणि तीन पिढ्यांची नावं हवीत. गोत्र नसलं की सांगतात तसं काश्यप सांगून भागलं असतं. पण नाही! बाईंनी बोटोंडमार्फत आरोनना विचारलंच, "तुमचं मूळ कुळ कोणतं?"

आरोन ताठ बसले. "हूण. आम्ही हूणांचे वंशज."

बोटोंडने ते इंग्रजीत सांगितलं आणि हसत पुस्ती जोडली, "दंतकथा आहे, आँटी. राजाने सीमेवर पहाऱ्याला बसवलेले साधे हंगेरियन आम्ही. कोणी तुर्की म्हणतात. हूणांचा पुरावा शून्य."

बापाला इंग्रजी कळलं नाही, हसणं कळलं. दोघांची जुंपली. शेवटी बोटोंडने मान खाली घालून वडिलांचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं, "शाळेत बाबांना मास्तर म्हणायचे, तुम्ही मूळचे रोमानियनच, फक्त भाषा बदललीत. तेव्हा आजोबांनी बाबांना सांगितलं, आपण हूण. त्यावरच बाबा मान वर करून जगले. मी त्यालाच हसलो, म्हणून उद्या ते माझ्या शेजारी उभे राहणार नाहीत."

आरोन कोट घालू लागले.

"मॉम, डू समथिंग! ते खरंच चालले," दिया रडकुंडीला आली.

बाईंना वाटलं, आपल्याच तोंडाने लेकीचं लग्न नासवलं. काही सुचेना, म्हणून त्यांनी उरलेला प्रश्न विचारला, "बोटोंड, वडील आरोन. आजोबा?"

"गेर्गेय."

"पणजोबा?"

इतिहासाची एवढी पुस्तकं वाचलेला मुलगा, पण त्याला ते नाव माहीत नव्हतं. शेवटी त्याने दाराकडे वळून वडिलांना हळूच विचारलं.

आरोन पाठमोरेच म्हणाले, "लाझार."

बाईंनी ते टाइप केलं. गोत्राचं पुन्हा विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

"आँटी," बोटोंड म्हणाला, "गोत्र हूण लिहा."

आरोनना त्यातला एकच शब्द कळला. त्यांनी कोटाच्या बाहीतून हात काढला.