तोंडात तेल आणि दारात बांगडे

नवरा शाळेतून निवृत्त झाला आणि गणपती गेल्यावर आयुर्वेदाकडे वळला. पिंगुळीजवळ एका हॉलमध्ये रविवारी एक वैद्य ऋतूप्रमाणे स्वयंपाक आणि घरच्या घरी करायचे उपाय शिकवत. तिसऱ्या रविवारी तो परत आला तोच आमच्या सगळ्यांच्या प्रकृती ठरवून. मी पित्त, तो स्वतः वात आणि सासूबाई कफ.

"माका कफ नाय," सासूबाई म्हणाल्या. "माका बांगडो व्हयो."

पण बांगडाच बंद झाला होता. शरद ऋतू चालू होता, बाहेर भात कापणीला आलेलं आणि ऊन असं की खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पाय ठेववत नव्हता. नवऱ्याने मला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं, "ह्या दिवसांत पित्त वाढता. आंबट, खारट, तिखट कमी. मासे तर नकोच."

"मग रवला काय?"

"गोड, कडू आणि तुरट."

आमच्या तोंडवलीच्या वाटेवरच्या गावात, जिथे समुद्राचा वास वाळत घातलेल्या कपड्यांनाही येतो, तिथे मी दोन आठवडे पडवळ, दुधी आणि मुगाचं वरण रांधलं. सकाळी गुळवेलीचा काढा. सासूबाईंना सुंठीचं पाणी. सोलकढीवर मात्र आमची मोठी चर्चा झाली, कारण कोकम आंबट असूनही पित्ताला चांगलं, असं वैद्यांनीच सांगितलेलं. नवरा त्यावर दुपारभर विचार करत बसला आणि शेवटी सोलकढी बंदीतून सुटली. मी लगेच दोन नारळ फोडले, त्याचं मत बदलायच्या आत.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेला उपाय एकच, तोंडात तेल धरायचा. नवरा सकाळी तिळाच्या तेलाचा मोठा घोट तोंडात घ्यायचा, गाल फुगवून खळ्यात फेऱ्या मारायचा आणि बऱ्याच वेळाने मोरीत जाऊन थुंकायचा. तेवढा वेळ घरात जी शांतता असायची, तिने माझं पित्त खरोखर कमी झालं असावं.

अशाच एका सकाळी मी मागीलदारी झावळ्या ओढत होते आणि आमची नेहमीची मासेवाली पुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. आम्ही मासे का घेत नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं आमचं कोणी वारलं असावं आणि सुतक असावं. पुढे जे घडलं ते मी तिच्याकडून, नवऱ्याकडून आणि खिडकीत बसलेल्या सासूबाईंकडून ऐकलं, आणि तिघांच्याही सांगण्यात फारसा फरक नाही.

"वैनी खंय आसत? बांगडे हाडलंय ताजे," ती म्हणाली.

नवऱ्याने पंजा दाखवला. त्याला म्हणायचं होतं, पाच मिनिटं थांब.

"पाच वाटे? बरा," म्हणून तिने टोपली उतरवली आणि केळीच्या पानावर बांगड्यांचे वाटे लावायला घेतले.

नवरा घाबरला. त्याने दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"धा? घरात कार्य आसा काय?"

आता त्याने मान हलवली, डोळे मोठे केले आणि घशातून काहीतरी आवाज काढला. मोरी होती तिच्या पलीकडे, आणि परक्या बाईसमोर अंगणात पिचकारी मारायची नाही एवढी शिस्त त्याच्यात शाळेपासूनची. गिळायचं तर नव्हतंच, वैद्यांनी बजावलेलं. दहावा वाटा लावून मासेवालीने नीट वर पाहिलं. गाल सुजलेले, बोलता येत नाही, हात कसेही हलतायत.

"अरे देवा. भाऊंच्या अंगावरसून वारा गेला. वैनी, धावा गो."

मी धावले. मी पुढे पोचेपर्यंत तिने त्याला पायरीवर बसवलं होतं. एक हात, बांगड्यांच्या वासाचा, त्याच्या नाकाशी धरलेला आणि दुसऱ्या हाताने ती त्याच्या गालावर चापट्या मारत होती. मी "अगो थांब, तेल आसा" म्हणाले, पण तिसरी चापट बसली होती. सगळं तेल उडालं ते थेट पानावर, दहाच्या दहा वाट्यांवर.

नवऱ्याने तोंड पुसलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "माका काय झाला नाय."

"मगे बोललात कित्याक नाय?" मासेवाली म्हणाली. मी तिला आत बसवून चहा दिला. ते बांगडे आता दुसऱ्या कुठल्या दारात न्यायची सोय नव्हती, त्यामुळे आम्हीच सगळे ठेवून घेतले.

सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या, पानाकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी सुंठीच्या पाण्याने कधी पाहिला नव्हता. "तेल लागलाच आसा," त्या मला म्हणाल्या. "आता मसालो लाव."

मी मासे तीन पाण्यांनी धुतले आणि तरीही शेजारी द्यायची हिंमत झाली नाही. निम्मे मीठ लावून ठेवले, बाकीच्यांचं तिरफळं घालून घट्ट रसाचं तिखलं केलं. नवरा आधी मुगाचं वरण घेऊन बसला. मग म्हणाला, पोटाला तिरफळ बरं, तेव्हा नुसता रस चाखायला हरकत नाही. मग त्या रसात चुकून एक तुकडा आला. तिसऱ्या तुकड्यानंतर तो कारणं द्यायचा थांबला.

पुढच्या रविवारी त्याने वैद्यांना झालेलं सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, लहानपणापासून मासे खाणाऱ्या माणसाला एकदम बंद करायला कोणी सांगितलं होतं? कमी खा, कोकम घाला, वर दूध पिऊ नका. नवरा घरी आला तो जरा ओशाळून. पडवळ मात्र आठवड्यातून एकदा राहिलं, काढाही राहिला, आणि खरं सांगायचं तर दर शरदात उठणारी माझी छातीतली जळजळ त्या वर्षी उठलीच नाही.

थंडी पडायला लागली तशी त्याने एका सकाळी पडवीत बसून घोषणा केली, "आता हेमंत येतलो. हेमंतात भूक वाढता, जड खाल्ला तरी पचता."

सासूबाई नारळ खवत होत्या. "खंयचो तो हेमंत?" त्यांनी विचारलं. "येवंदे. तेच्यासाठी सुरमय हाडूया."

आम्ही दोघांनीही त्यांना समजावलं नाही. दुपारी सुरमई आली.